निळ्या कागदाचा समुद्र

यंदा आमच्या महाविद्यालयाच्या इतिहास प्रदर्शनात आम्ही तिघा मित्रांनी 1679 सालच्या खांदेरीच्या लढाईचा देखावा मांडला होता. एका परीक्षकांनी तट, तोफा, गलबते यांचे कौतुक केले आणि जाता जाता म्हणाले, "पाण्यावर एवढा वेळ कशाला घालवलात? निळा कागद पसरला असता तरी भागले असते. इतिहास तटात असतो." वडीलधाऱ्यांचा मान राखून मी गप्प बसलो. परंतु ते मत मला पटले नाही. का पटले नाही, ते येथे सांगतो.

खांदेरी हे थळसमोरचे, मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेले बेट. 1679 चा पावसाळा सरत आला असता शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी यांनी तेथे तटबंदीचे काम सुरू केले. मुंबईच्या इंग्रजांनी ते थांबवण्यासाठी जहाजे धाडली. पुढे सिद्दीही आला. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा भारी. तरी लहान मराठी होड्या रात्री पहारा चुकवून बेटावर सामान पोचवीत राहिल्या. 1680 च्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली.

ही लढाई निळ्या कागदावर मांडून पाहा. मोठ्या जहाजापुढे चिमुकली होडी! पाहणाऱ्याला वाटते, हा चमत्कारच. पण तो चमत्कार नव्हता. कोठे खडक आहे, कोणत्या वेळी किती पाणी असते, वारा पडला की शिडाचे मोठे जहाज कसे जागच्या जागी राहते आणि वल्ह्यांची होडी कशी निघून जाते, हे जाणणाऱ्या माणसांचे ते काम होते. पाणी खोटे केले की या माणसांचे ज्ञानच पुसले जाते.

हे मला आधी कळत होते असे मात्र नाही. आमचा पहिला समुद्र एकसारखा निळाच होता. माझे वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहेत. शिक्षण चौथीपर्यंत. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यांनी देखावा पाहिला आणि एकच विचारले, "अरे, ही भरती का सुकती?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही हिशेब केला. आमचे प्रमाण एकास दोनशे. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत सुमारे 4 मीटरचा फरक पडतो, म्हणजे देखाव्यात 2 सेंटिमीटर. आमचा शिपाई जेमतेम 8 मिलिमीटरचा! अडीच पुरुष पाणी आम्ही विचार न करता ओतले होते.

मग पुन्हा सुरुवात केली. ताटात ओतलेले खरे पाणी उपयोगाचे नाही, कारण किल्ला लहान करता येतो, पाण्याचा थेंब लहान करता येत नाही. होडीदुरुस्तीतले उरलेले रेझिन आणले, तर त्याने खालचा थर्माकोलच खाल्ला. दोष आमचाच, ते रेझिन थर्माकोल विरघळवते हे विचारून घ्यायला हवे होते. नंतर इपॉक्सी घेतले आणि पातळ थरांनी, एक वाळल्यावर दुसरा, असे ओतले. जाड ओतले तर ते तापते आणि तडकते. त्याआधी तळ रंगवला. खडकाजवळ मातकट, पुढे हिरवट, खोलवर काळसर. सुकतीची वेळ धरून खडकांवर ओली काळी रेघ आणि कालवांचे पांढरे ठिपके दाखवले. लाटांची दिशा, शिडांचा फुगा आणि निशाणाचे फडकणे एकाच वाऱ्याचे ठेवले. कापसाचा फेस खडकाशी आणि चालत्या होडीच्या नाळेशी तेवढा लावला; नांगरलेल्या जहाजापुढे लावला नाही.

या सगळ्यात ग्रंथालयाइतकीच मदत आमच्या वाड्यातील खलाशांची झाली. त्यांची नावे प्रदर्शनाच्या फलकावर लिहावीत असे मी सुचवले, तेव्हा काही मित्र हसले. यात हसण्यासारखे काय आहे? पुस्तकाला आपण आधार म्हणतो, मग चाळीस वर्षे त्याच पाण्यावर काढलेल्या माणसाला का म्हणू नये?

2025 साली मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यात खांदेरी आहे, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्गही आहेत. आता शाळा-महाविद्यालयांतून त्यांच्या प्रतिकृती होत राहतील. माझी एवढीच विनंती आहे की जलदुर्ग करणाऱ्याने तटाचे माप घेण्याआधी पाण्याची वेळ ठरवावी, आणि ती ठरवताना किनाऱ्यावरच्या माणसाला विचारावे.

आमच्या देखाव्याला बक्षीस मिळाले नाही. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी वडील आले होते. बराच वेळ वाकून पाहिल्यावर म्हणाले, "सुकती लागलीय. आता होडी या बाजूने घालावी लागेल." आणि त्यांनी बोट ठेवले ती वाट आम्ही होडीला दिलेलीच वाट होती.

(द्वितीय वर्ष, कला)