ना कष्टाचा, ना भीतीचा

मराठीत घामाचे दोनच प्रकार. गाळला तर कष्टाचा आणि फुटला तर भीतीचा. पहिल्याचं कौतुक होतं, दुसऱ्याची चेष्टा. पण एक तिसरा घामही असतो. त्याला आपल्या बोलण्यात शब्द नाही, म्हणून तो ज्याला येतो त्याला घरचेच लोक 'घाबरट' ठरवून मोकळे होतात. या वेळी त्याच्यावर लिहितोय, कारण मंडळातल्या तरुण मुलांशी मुलाखतींविषयी बोलताना तिघांनी वेगवेगळं गाठून एकच विचारलं: शेकहँड करताना ओल्या हाताचं काय करायचं?

आधी साध्या घामाबद्दल. माझं आजोळ जोयडा तालुक्यात, रामनगरजवळ. जुनी माणसं अजून 'सुपा तालुका' म्हणतात, जरी ते सुपा गाव काळी नदीवरच्या धरणात केव्हाच बुडालं. एप्रिल-मेमध्ये तिथे ऊन झाडांत अडतं, पण हवा दमट आणि गप्प असते. घाम येतो आणि वाळतच नाही. खरं तर घाम अंगाला थंड करतो तो ओघळून नव्हे, वाळून. एक लिटर घामाची वाफ झाली तर ती शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. तोच लिटर टपटप जमिनीवर पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही. म्हणून दमट हवेत शरीर आणखी आणखी घाम सोडत राहतं. हा आजार नाही. सैल सुती कपडे, सावली, पाणी आणि चिमूटभर मीठ घातलेलं कोकम सरबत, एवढं पुरे. भिरंडाच्या सोलांनी घाम बंद होतो असं सांगणारे तिकडे भेटतील. बंद होत नाही, गेलेलं पाणी भरून निघतं. आणि सरबत छान लागतं, तेवढं कारणही मला चालतं.

आता माझ्या मामेभावाची गोष्ट. जोयड्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी लोक अंगणात शेकोटी पेटवून बसतात, तेव्हाही याच्या तळहातांवरून थेंब पडतात. पाचवीपासून हे चालू आहे. वहीवर शाई पसरते म्हणून तो हाताखाली रुमाल घेऊन लिहायचा. दहावीच्या परीक्षेत दोन रुमाल न्यायचा, एक हाताखाली, एक खिशात. रबरी चप्पल पायातून निसटते. क्रिकेटमध्ये झेल सुटला की पोरं हसायची, मग त्याने खेळणंच सोडलं. मामाचं ठरलेलं वाक्य: "एवढं काय घाबरतोस रे?" आणि गंमत अशी की पोरगा एरवी अजिबात घाबरट नाही. रात्री बॅटरी घेऊन एकटा जंगलातल्या वाटेने येतो, जिथून मी दिवसाही कुणाला तरी सोबत घेतो.

रेशनच्या दुकानात त्याचं आणि आजीचं दोघांचंही अडायचं. आजीची बोटं जन्मभर शेतात झिजलेली, कोरडी; याची ओली. यंत्र दोघांनाही नाही म्हणायचं. हे का होतं ते मला नीट सांगता येईल. बोटावर उंच रेषा आणि त्यांच्यामध्ये खाचा असतात, आणि सेन्सर त्यांच्यातला फरक मोजतो. कोरड्या बोटाचा काचेला नीट स्पर्शच होत नाही, ओल्या बोटाच्या खाचांत पाणी भरतं आणि सगळा ठसा एक काळा डाग होतो. मोबाइलचा स्क्रीन घामाच्या थेंबाला बोट समजतो तोही याच घराण्यातला प्रकार. आधारच्या पडताळणीला बोटाशिवाय बुबुळ, चेहरा आणि ओटीपी हे पर्याय आहेत. त्या ठिकाणी कोणता चालतो ते विचारून घ्यावं, पुन्हा पुन्हा बोट पुसत रांगेत उभं राहू नये.

गेल्या वर्षी मामी त्याला बेळगावच्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. त्यांनी हात बघण्याआधी मामीला विचारलं, "झोपेत हात ओले असतात का?" मामी म्हणाली, "नाही, झोपेत अगदी कोरडे." डॉक्टरांना बरंचसं उत्तर तिथेच मिळालं.

या आजाराला हायपरहायड्रोसिस म्हणतात. आपल्या अंगात वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. या आजारात त्या संख्येने जास्त नसतात, मोठ्याही नसतात. त्यांना 'घाम सोडा' असं सांगणाऱ्या मज्जातंतूंकडून जास्तीचे संदेश येत राहतात. आमच्या भाषेत, हार्डवेअर ठीक आहे, सिग्नल जास्त आहे. तळहात आणि तळपायांच्या ग्रंथी तर उष्णतेपेक्षा मनाच्या ताणाला जास्त लवकर उत्तर देतात. म्हणजे चारचौघांत हात ओला होईल या काळजीनेच हात ओला होतो. लोकांना वाटतं भीतीमुळे घाम येतो. पुष्कळदा घामामुळे भीती येते.

ओळखायच्या खुणा साध्या आहेत. सहा महिन्यांहून जास्त काळ, दुसरं कारण दिसत नसताना, ठरावीक जागी घाम: तळहात, तळपाय, काखा किंवा चेहरा. दोन्ही बाजूंना सारखा. आठवड्यातून एकदा तरी, रोजच्या कामात अडचण होईल इतका. सुरुवात पंचविशीच्या आत. घरात आणखी कुणाला असतो. झोपेत थांबतो. यांतल्या सगळ्याच खुणा जुळायला हव्यात असं नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत २.८ टक्के लोकांना हा त्रास होता, आणि त्यांच्यापैकी डॉक्टरांकडे विषय काढलेले जेमतेम ३८ टक्के. बाकीचे रुमाल बदलत राहिले.

आता उपाय. पहिली पायरी स्वस्त आहे: ॲल्युमिनियम क्लोराइडचं लोशन किंवा रोल-ऑन. बाजारातले डिओडरंट म्हणजे हे नव्हे. डिओडरंट वासाचं काम करतं. घामाला थांबवतं ते अँटिपर्स्पिरंट. ते रात्री झोपताना, पूर्ण कोरड्या त्वचेवर लावायचं आणि सकाळी धुवायचं. बहुतेक जण सकाळी अंघोळीनंतर ओल्या अंगाला लावतात आणि 'काही उपयोग नाही' म्हणतात. दाढी किंवा केस काढल्यावर लगेच लावलं तर आग होते. फरक दिसला की रोजचं कमी करून आठवड्यातून एक-दोनदा पुरतं.

काखांना हे चांगलं लागू पडतं. तळहाताची कातडी जाड, तिथे कमी. मामेभावाचंही तेच झालं. मग डॉक्टरांनी दुसरी पायरी सांगितली, आयंटोफोरेसिस. दोन उथळ ताटांत साधं नळाचं पाणी, त्यात हात, आणि पाण्यातून अगदी सौम्य वीजप्रवाह, वीस-तीस मिनिटं. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा. रामनगरहून बेळगावला आठवड्यातून तीन खेपा कॉलेज सांभाळून कोण करणार? म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घरी वापरायचं यंत्र घेतलं. पहिले काही दिवस बोटांना मुंग्या आल्या. काही आठवड्यांनी हात कोरडे राहू लागले, आता आठवड्यातून एकदा पुरतं. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा वार चुकतो, आणि हात लगेच आठवण करून देतात. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हा उपाय करायचा नाही. अंगात धातूची पट्टी किंवा सळई असेल तर आधी सांगायचं. आणि माझ्यासारख्या बीई झालेल्यांना खास सूचना: ॲडॉप्टर आणि दोन स्टीलची ताटं घेऊन हे घरी जोडू नका. करता येईल असं वाटतं, हेच त्यातलं संकट आहे. प्रवाहाची मर्यादा सांभाळणारं यंत्रच हवं.

यापुढचे उपाय तज्ज्ञांच्या हातचे. बोटॉक्सची इंजेक्शनं काखांत काही महिने काम करतात, मग पुन्हा घ्यावी लागतात, आणि खर्चीक आहेत. घाम कमी करणाऱ्या गोळ्या असतात. त्यांनी तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते. त्यांची आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची. या गोळ्या फक्त तळहाताचा नव्हे, सगळ्या अंगाचा घाम कमी करतात. मेच्या उन्हात शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्याचा घाम बंद केला तर त्याचं शरीर तापतं. डॉक्टरांना आपलं काम काय ते सांगायलाच हवं.

छातीतली मज्जातंतूची साखळी कापण्याची शस्त्रक्रियाही आहे. हात कोरडे होतात, हे खरं. पण पुष्कळांना मग पाठ, पोट आणि मांड्यांना पूर्वी नव्हता इतका घाम सुटतो, आणि कापलेलं भरवशाने परत जोडता येत नाही. जाहिरातीत पहिलं वाक्य मोठ्या अक्षरांत असतं. वरचे सगळे उपाय करून झाल्याशिवाय कुणी या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पायांचं थोडक्यात: मोजे दिवसातून दोनदा बदला, एकच बूट रोज घालू नका, पावसात उघड्या सँडल बऱ्या. ओल्या बोटांत चिखल्या होतात आणि त्या मात्र बुरशीच्या असतात, त्यांचं औषध वेगळं.

घामाच्या काही तऱ्हा मात्र या आजाराच्या नव्हेत, तिथे लोशन शोधत बसायचं नाही. रात्री चादर भिजेल इतका घाम, सोबत ताप आणि वजन घटणं असेल तर क्षयासकट इतर तपासण्या लागतात. हात थरथरणं, धडधड आणि भूक असून वजन उतरणं असेल तर थायरॉइड बघतात. मधुमेहाच्या माणसाला एकदम गार घाम सुटला तर साखर उतरलेली असू शकते; शुद्धीवर असेल तर आधी साखरेचं पाणी द्या. छातीत दुखून गार घाम आला तर जवळचं हॉस्पिटल लगेच गाठायचं. जोयड्यासारख्या लांबलांब वस्तीच्या तालुक्यात 'सकाळी बघू' परवडत नाही. चाळिशी-पन्नाशीतल्या आईला अचानक अंगात उष्ण लाट येऊन घाम येत असेल तर तो पाळी जाण्याच्या काळातला असू शकतो. तिला पंखा लावून देऊन थांबू नका, डॉक्टरांकडे न्या.

काही औषधांनीही घाम वाढतो, नैराश्यावरच्या काही गोळ्या त्यांत आहेत. त्या आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या, आणि रात्री घरातल्या कुणाला तरी तुमचे हात झोपेत कोरडे असतात का ते बघून ठेवायला सांगा.