हातगाडीचा मालक आणि जिनिंगचा मालक

सेलू हे कापसाचे गाव. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील या तालुक्याच्या गावी हंगामात कापसाच्या गाड्या येतात, जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी होते. त्याच गावात स्टेशनापाशी रिक्षा लावून उभे राहणारे, आठवडी बाजारात भाजी विकणारे आणि भाड्याच्या खोलीत शिलाई यंत्र चालविणारेही राहतात. सरकारी परिभाषेत जिनिंगचा मालक आणि ही माणसे एकाच पंक्तीला बसतात. सारेच स्वयंरोजगारी, सारेच उद्योजक!

केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार २०१७-१८ साली काम करणाऱ्यांपैकी ५२.२ टक्के स्वयंरोजगारी होते. २०२३-२४ साली ते ५८.४ टक्के झाले. उद्योजकता फोफावल्याचा हा पुरावा मानला जातो. परंतु या ५८.४ पैकी १९.४ टक्के हे घरच्या धंद्यात वा शेतात विनावेतन राबणारे आहेत. उरलेल्या ३९ टक्क्यांत एकट्याने राबणारा आणि पदरी नोकर ठेवणारा असे दोघेही एकाच बेरजेत घातलेले आहेत. जो भेद अर्थशास्त्राने प्रथम पाहावयाचा, तोच येथे पुसला जातो.

भेद तरी कोणता? जिनिंगचा मालक आठ दिवस परगावी गेला तरी यंत्रे चालतात. त्याचे उत्पन्न त्याच्या भांडवलातून आणि दुसऱ्यांच्या श्रमांतून येते. भाजीवाली दोन दिवस तापाने पडली की तिसऱ्या दिवशी चूल पेटण्याची पंचाईत. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात तिच्या कमाईला ‘मिश्र उत्पन्न’ म्हणतात, कारण तीत मजुरी किती आणि नफा किती हे वेगळे निघत नाही. तिच्या आणि भाजी निवडणाऱ्या मुलीच्या श्रमांची मजुरी शेतमजुरीच्या दराने लावली, तर बहुधा नफा शिल्लकच राहणार नाही. म्हणजे ती स्वतःचीच मजूर आहे, आणि तीही कमी दराची. तोटा मात्र सगळा तिचा!

जिनिंगवालाही कधी लहानच होता, असे यावर सांगितले जाते. असेलही. पण २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ कर्ज ५० हजारांपर्यंतचे. त्यातून हातगाडी येते, जिनिंग येत नाही. शिवाय दहांच्या जागी वीस हातगाड्या उभ्या केल्याने गिऱ्हाईक दुप्पट होत नाही. सेलूच्या बाजारातील खरेदीची ताकद कापसाच्या भावावर आणि पावसावर ठरते. ती न वाढविता कर्जे वाटणे म्हणजे एकीच्या पाटीतील गिऱ्हाईक दुसरीच्या पाटीत टाकणे होय. नोकरी निर्माण करण्याची जबाबदारी टळते आणि बेकाराच्या डोक्यावर हप्ता तेवढा चढतो.

स्वयंरोजगारी हाही कामगारच, हे या देशात पूर्वीच सिद्ध झाले आहे. १९७२ साली अहमदाबादेत इला भट्ट यांनी ‘सेवा’ संघटना उभी केली, तेव्हा मालकच नाही तर संघटना कसली, अशी हरकत कामगार खात्याने घेतली होती; अखेर नोंदणी करावीच लागली. महाराष्ट्राने तर त्याही आधी, १९६९ साली, माथाडी कायदा केला. माथाडी आज या गोदामात, उद्या त्या दुकानात. त्याचा मालक कोण? कायद्याने उत्तर दिले: मंडळ नेमा, माल ज्याचा त्याच्याकडून मजुरी आणि तिच्यावर लेव्ही घ्या, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी व रजेचे पैसे द्या. या कायद्यामागे अण्णासाहेब पाटलांनी बांधलेली माथाडींची संघटना होती. आज त्यांच्याच नावाचे महामंडळ तरुणांना धंद्याच्या कर्जावरील व्याजाचा परतावा देते. माथाडीला कामगाराचे हक्क मिळवून देणाऱ्या नेत्याचे नाव तरुणाला कर्जदार करण्याच्या योजनेला द्यावे, यावर कोणी हसतही नाही!

१९६९ चे तत्त्व पुढे नेण्यास अडचण कोठे आहे? शिलाईवाल्याला कापड दुकानदार देतो. लेव्ही त्याच्याकडून घेता येईल. बाजार समितीत प्रत्येक सौद्यावर फी आकारली जाते. नगरपालिकांच्या बाजारांत पाटी मांडून बसणारीकडूनही जागेची पावती फाडली जाते. त्या पैशातून आजारपणाच्या एका दिवसाची भरपाई तिला कोणत्या वर्षी मिळणार, हे उद्योजकतेचे गोडवे गाणाऱ्यांनी जाहीर करावे.