शेताच्या बांधावरचा कॅमेरा

दुकान बाजारपेठेत आणि चार-दोन एकर जमीन गावाबाहेर, अशी स्थिती आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांची आहे. त्या जमिनीवर रात्री कोण येऊन जाते, हे आपल्याला सहसा ठाऊक नसते. ओल्या मातीत उमटलेले ठसे, भुईमुगाची उकरलेली ओळ, क्वचित गळून पडलेला साळिंदराचा काटा, एवढाच पुरावा सकाळी मागे राहतो. अलीकडे आपल्या घरांतील तरुण मंडळी झाडाला बांधून ठेवण्याचा ‘ट्रेल कॅमेरा’ विकत घेऊ लागली आहेत. हा छंद मला आपल्या संस्कारांना साजेसा वाटतो. त्यात रान तुडवीत प्राण्याचा पाठलाग करावा लागत नाही. कॅमेरा एका जागी स्थिर असतो आणि प्राणी आपल्या वाटेने येतो-जातो.

भारतात असे प्रयोग १९२०च्या दशकात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने केले. संयुक्त प्रांतातील जंगलांत वाघाच्या वाटेवर ते तार ताणून ठेवीत. तारेला पाय लागताच लखलखाट होऊन छायाचित्र निघे. वाघाची शिकार ही प्रतिष्ठेची खूण मानली जात असतानाच्या काळात त्यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा पसंत केला. त्यांचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता तारेची जागा उष्णतेची हालचाल टिपणाऱ्या संवेदकाने घेतली आहे. सभोवतालच्या हवेपेक्षा उबदार शरीर समोरून सरकले की कॅमेरा जागा होतो. म्हणूनच मे महिन्यात हवाच अंगाइतकी तापली की तो कित्येकदा चुकतो आणि उन्हाने तापलेले गवत वाऱ्याने हलले तरी छायाचित्रे काढत सुटतो.

खरेदी करताना मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नये. पुष्कळदा तो संगणकीय करामतीने फुगवलेला असतो. पाहावे ते संवेदक जागा झाल्यापासून छायाचित्र निघेपर्यंत किती वेळ लागतो ते. हा वेळ अर्ध्या सेकंदाहून अधिक असेल तर पदरी केवळ शेपट्या पडतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न रात्रीच्या प्रकाशाचा आहे. पांढऱ्या झोताने रंगीत चित्र मिळते, पण प्राणी दचकतो. ८५० नॅनोमीटरच्या अवरक्त दिव्यांचा मंद तांबूस ठिपका दिसतो; ९४० नॅनोमीटरचे दिवे डोळ्यांना जवळजवळ जाणवत नाहीत, मात्र त्यांचा पल्ला कमी असतो. मी निःसंकोच ९४०ची शिफारस करीन. चित्र थोडे फिके आले तरी चालेल. आपल्या हौसेपायी कुणाची रात्र बिघडू नये.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर येथे भांडवली खर्चापेक्षा आवर्ती खर्च अधिक जाचतो. बहुतेक कॅमेऱ्यांना पेन्सिल सेल लागतात, अनेकांना तर आठ-आठ. साधे अल्कलाइन सेल उतरू लागले की रात्रीची चित्रे अंधारी येतात. पुन्हा भारित होणारे सेल दीर्घ मुदतीत स्वस्त पडतात. पण त्यांचा दाब दीड नव्हे, १.२ व्होल्ट असतो. तेवढ्यावर आपला कॅमेरा चालतो का, हे आधी विचारून घ्यावे.

कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, शक्यतो उत्तराभिमुख आणि पायवाटेला तिरपा बांधावा. समोरचे गवत कापत बसण्यापेक्षा मोकळी जागा शोधावी. पावसाळ्यात पेटीच्या आत मुंग्या घर करतात. झाकण उघडताना व मिटताना मऊ कुंचल्याने त्यांना अलगद बाजूला करावे. शेतमजुरांना, विशेषतः स्त्रियांना, कॅमेरा कोठे आहे हे आधी सांगावे आणि माणसांच्या जाण्यायेण्याची वाट टाळावी. अभयारण्यात छायाचित्रणासाठी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवाना लागतो, तेव्हा हा छंद आपल्या बांधापुरताच बरा.

छायाचित्रासाठी आमिष ठेवू नये. मांस ठेवण्याचा प्रश्न आपल्याकडे उद्भवत नाही. पण धान्य, गूळ, केळी ठेवण्याचा मोह होतो आणि त्याला जीवदयेचे नावही दिले जाते. मला ते मान्य नाही. ज्या जागेची सवय आपण लावली, तेथे उद्या फासा घेऊन कोण बसेल याची हमी आपण देऊ शकत नाही.

छायाचित्रांची तारीखवार वही मात्र ठेवावी, रोजमेळासारखी. नासाडीचा आळ पुष्कळदा रानडुकरावर येतो आणि उकरणारे निघते साळिंदर. (दिगंबर परंपरेत साळिंदर हे भगवान अनंतनाथांचे लांछन आहे, श्वेतांबर परंपरेत श्येन पक्षी, मुलांना हे अवश्य सांगावे.) येणारा कोण आणि कोणत्या महिन्यात येतो हे कळले की जाळी कोठे लावायची ते ठरवता येते. कुंपणात वीज सोडण्याचा विचार मग कोणाच्या मनात येऊ नये; त्या तारेने जनावरे मरतात, तशी माणसेही.

खरी कसोटी लागते ती चित्रात बिबट्या आला म्हणजे. नगर जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दाट वस्तीच्या त्या शेतीप्रदेशात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. बिबट्या दिसणे म्हणजे तो आजच वाट चुकून आला, असे नव्हे. कदाचित तो वर्षानुवर्षे तेथेच असतो. जुन्नर भागात या शतकाच्या आरंभी बिबटे पकडून दूर सोडण्यात आले, तेव्हा सोडलेल्या ठिकाणांच्या आसपास माणसांवरील हल्ले वाढल्याचे त्यांच्याच अभ्यासातून दिसले. आपण मात्र चित्र हाती येताच कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो. संध्याकाळपर्यंत ते तालुकाभर फिरते आणि दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याची मागणी होते. म्हणून असे चित्र कोणालाही पाठवू नये. वस्तीवरच्या माणसांना समक्ष सांगावे, लहान मुलांना अंधारात एकटे सोडू नये, गुरे बंदिस्त गोठ्यात बांधावीत आणि वनविभागाच्या स्थानिक कार्यालयाला कळवावे.