वंशावळीत आत्या कुठे आहे?

मंडळी, आमच्या घराण्याचं ऑनलाइन संमेलन ठरतंय. मूळ गाव दारव्हा तालुक्यात, निम्मे लोक यवतमाळ-नागपुरात, उरलेले पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत पांगलेले. सगळ्यांच्या सुट्ट्या जुळायच्या म्हणजे कठीणच, म्हणून यंदा स्क्रीनवरच भेटायचं. पुढच्या पिढीला घराण्याचा इतिहास कळावा हा हेतू. हेतू चांगलाच आहे. माझी तक्रार फक्त कार्यक्रमाबद्दल आहे.

पहिला तास वंशावळीचा. चुलतभावाने दोन वर्षं खपून 7 पिढ्या जुळवल्या. मेहनतीबद्दल त्याला मनापासून शाबासकी. पण त्या तक्त्यात एकही बाई नाही. आजी नाही, आत्या नाही, मीही नाही. आत्याला कागद वाचून दाखवला तर ती एवढंच म्हणाली, "माह्यं नाव कुठी हाये यात?"

दोष भावाचा नाही, कागदांचाच आहे. आपल्याकडे जुनी माहिती शोधायची तर फेरफार, सातबारा, कोतवाल बुक, नाहीतर त्र्यंबकेश्वर-गयेच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. जमिनीच्या कागदांवर बहुधा पुरुषच असायचे. कोतवाल बुकात गावातले जन्म-मृत्यू लिहीत, पण पुष्कळ नोंदींत बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगी'. त्यात लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहायची पद्धत. माहेरून एक बाई निघते आणि सासरी दुसरीच पोचते. शोधायची कुठे?

आणि खरी गोष्ट तर तिच्याकडेच असते. आमची आजी कारंज्याची. नवी नवरी म्हणून ती शकुंतलेत बसून दारव्ह्याला आली. वऱ्हाडचा कापूस वाहायला घातलेली ती नॅरो गेजची गाडी आता बंद आहे. आमच्या सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे. ती विहीर आजीच्या पाटल्या मोडून खोदली, हे मात्र कुठल्याच कागदावर नाही. ते फक्त आत्याला माहीत. तिचं वय 84.

आता जरा अवघड विषय. आमच्या एका आत्याने वडिलोपार्जित शेतात हिस्सा मागितला. हक्कसोड पत्रावर सही केली नाही. तेव्हापासून तिला कार्याची पत्रिका जात नाही. संमेलनाचं निघालं तेव्हाही "तिला लिंक नको, उगाच वाद" असा सूर निघाला. मला हे मुळीच पटत नाही. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट राहिली नाही. कायद्याने दिलेलं मागितलं म्हणून माणूस घराण्यातून वजा होत नाही. तिला वगळून जो इतिहास सांगू तो आपल्या सोयीचा असेल, घराण्याचा नसेल. शेताचा विषय त्या दिवशी कोणीच काढू नये, एवढं पथ्य पाळलं की झालं.

कोणी म्हणेल, मुलींच्या शाखा धरल्या तर तक्ता भिंतीवर मावायचा नाही. नाही मावला तर नाही! कागदावर वंशावळ लिहायची तेव्हा जागेची अडचण होती, कॉम्प्युटरवर कसली अडचण? सरकारनेसुद्धा 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव आणलं. आपण घरच्या घरी एवढं करू शकत नाही?

तर माझा प्रस्ताव असा. जुलैचा शेवटचा रविवार, आपल्याकडे संध्याकाळी साडेसात. तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे 10 आणि लंडनमध्ये दुपारचे 3 वाजलेले असतील. पहिला तास आत्या, मावश्या आणि काकूंचा, वंशावळ त्यानंतर. पावसात लाइट गेली तर आपली पंचाईत होईल, म्हणून आत्याजवळ चार्ज केलेला फोन घेऊन एक नातू बसेल. म्हाताऱ्या माणसांना बटणं दाबायला लावू नका. त्यांना विचारून बोलणं रेकॉर्ड करा, आणि "हे नको ठेवू" म्हणाल्या तर तेवढं पुसा.

"काही आठवणी सांगा" असं मोघम विचारू नका, कोणीच बोलत नाही. लग्नाआधीचं नाव काय होतं? माहेरचं गाव कोणतं? सासरी कशातून आलात? पहिली कमाई कसली, कापूस वेचायची की आणखी कशाची? कोणतं मूल लहानपणीच गेलं? एवढे पाच प्रश्न पुरेत.

त्याआधी प्रत्येकाने एक काम करायचं. आपल्या आजीचं आणि तिच्या आईचं माहेरचं नाव विचारून चुलतभावाला कळवायचं. तक्त्यात जागा करायला तो तयार आहे, मी विचारलंय. आणि त्या आत्याला लिंक मीच पाठवतेय. कोणाला काही म्हणायचं असेल तर मला फोन करा.