पाठीचे टक्के आणि अपिलाचा कागद

इंदापूरकडचे एक निवृत्त हवालदार परवा ओपीडीत आले. हातात एमआरआय. "डॉक्टरसाहेब, मणक्यात गॅप आहे, पायाची नस दबलीय. बोर्डानं वीस टक्के लिहिले, पण नोकरीमुळं झालं नाही म्हणत पेन्शन नाकारली. तुम्ही टक्के वाढवून द्या."

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. आम्ही देतो ते २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचे प्रमाणपत्र. त्याच्या बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात. लष्करी अपंगत्व पेन्शनचे टक्के सेवेतून सुटताना लष्कराचे वैद्यकीय मंडळ ठरवते. तिथे २० टक्के पुरतात, पण आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेत बळावला, हे मान्य व्हावे लागते.

म्हणजे हवालदारांची अडचण टक्क्यांची नव्हती, कारणाची होती. धरमवीर सिंग खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तंदुरुस्त होता असे धरावे. शंकेचा फायदा त्यालाच मिळावा. २०१४ च्या राम अवतार निकालाने सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही २० टक्क्यांचे ५० धरण्याचा लाभ खुला केला. २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना मात्र नवे नियम लागू आहेत.

अपिलात एमआरआय एकटा पुरत नाही. चाळिशीनंतर काहीही न दुखणाऱ्यांच्या मणक्यातही गादी सरकलेली दिसते. म्हणून तपासणीत पायाची ताकद, बधिरपणा, घोट्याचा रिफ्लेक्स, पोटरीचा घेर आणि किती चालता येते, हे लिहून घ्या. सेवेत कुठे, कधी दुखापत झाली, सिक रिपोर्ट, लो मेडिकल कॅटेगरीचे कागद जोडा.

नकाराचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील करावे. तेही फेटाळले तर दुसरे अपील, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ. अर्जासाठी पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मार्गदर्शन मिळते.

हवालदारांचे टक्के मी वाढवले नाहीत. पायाची तपासणी नीट लिहून दिली आणि नकाराचे पत्र शोधायला घरी पाठवले. एक मात्र बजावले: लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर अपील बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालयात या.