पदवी ध्वनीची, प्रश्न प्रवेशाचा

पुण्याच्या भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेला २०२५ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेलाही तो त्याच वर्षी मिळाला. पुण्याची संस्था १९६० साली स्थापन झाली आणि तेव्हापासून तेथील विद्यार्थी पदविका घेऊन बाहेर पडत आले. आता पदव्युत्तर पदवीची वाट मोकळी झाली आहे. चित्रपटशिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे दिग्दर्शन आणि अभिनय यांपाशीच थांबते. आम्ही येथे मुद्दाम ध्वनीच्या अभ्यासक्रमाचा विचार करणार आहोत. पदवी म्हणजे काय आणि ती कोणासाठी, हा प्रश्न त्या विभागात जितका स्पष्टपणे दिसतो, तितका अन्यत्र क्वचितच दिसेल.

ध्वनिआरेखन, ज्याला व्यवसायात साउंड डिझाइन म्हणतात, ते म्हणजे केवळ संवाद नीट ऐकू येतील अशी व्यवस्था नव्हे. पडद्यावर दार लागते तेव्हा त्या दाराचा आवाज कोणता असावा, घरात कोणी नाही हे प्रेक्षकाला कशावरून कळावे, संवाद थांबल्यावर मागे काय उरावे, याचा सबंध विचार त्यात येतो. चित्रीकरण संपल्यावर ध्वनिमुद्रक सर्वांना गप्प उभे करून अर्धा मिनिट नुसती खोलीची शांतता मुद्रित करून घेतो. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते आणि ती हाताशी नसेल तर पुढे संवादांचे तुकडे जोडता येत नाहीत. पावलांचे, भांड्यांचे, कपड्यांच्या सळसळीचे आवाज कलावंत स्टुडिओत पडद्याकडे पाहत पुन्हा निर्माण करतात. या कामाला एक स्वतंत्र कर्तृत्व म्हणून नाव मिळाले तेही अलीकडे. वॉल्टर मर्च यांच्या 'अपोकॅलिप्स नाऊ' या १९७९ च्या चित्रपटातील कामापासून ते नाव रूढ होत गेले.

काम मात्र नावाच्या कितीतरी आधीपासून चालू होते. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' लागला. त्याचे निर्माते-दिग्दर्शक अर्देशिर इराणी यांनी ध्वनियंत्र बसवून देण्यासाठी आलेल्या अमेरिकन तंत्रज्ञाकडून जुजबी माहिती घेतली आणि त्याचे मानधन परवडेना म्हणून मुद्रणाचे काम स्वतःच अंगावर घेतले. स्टुडिओ रेल्वेमार्गालगत होता, म्हणून गाड्या थांबल्यावर रात्री चित्रीकरण करावे लागे. प्रभातच्या पहिल्या बोलपटांचे ध्वनिमुद्रण सांभाळणारे विष्णुपंत दामले हे कोल्हापुरात बाबुराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले कारागीर होते. कोणत्याही विद्यापीठाने त्यांना ध्वनिशास्त्र शिकविले नव्हते. प्रभात १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यास आली आणि तेथे १९३७ साली 'कुंकू' तयार झाला. पार्श्वसंगीताचा आधार न घेता, घड्याळाची टिकटिक, घरातले आवाज आणि नायिकेच्या ग्रामोफोनची साथ यांवर एका जरठ-कुमारी विवाहाची सारी घुसमट त्या चित्रपटाने उभी केली. आजची पुण्याची संस्था त्याच प्रभातच्या आवारात उभी आहे. ध्वनीची पदवी आता ज्या भूमीवर दिली जाईल, ती भूमी पदवी नसलेल्या माणसांनी नांगरलेली आहे, हे विसरून चालणार नाही.

तर मग पदवी हवीच कशाला, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे तसे नाही. गुरूच्या हाताखाली शिकण्याच्या जुन्या रीतीचे पोवाडे गाणे सोपे आहे, पण स्टुडिओच्या दारातून आत कोण जाऊ शके? ज्याचा काका, मामा किंवा गाववाला आधीच आत असे, तो! बाकीच्यांना दार बंदच होते. शिवाय ती रीत विद्या टिकवू शकली असेही नाही. गोंगाट करणारे कॅमेरे आले, तेव्हा हिंदी चित्रपटसृष्टीने चित्रीकरणस्थळी खरा आवाज टिपण्याचा नादच बहुतांशी सोडून दिला आणि कित्येक दशके नट स्टुडिओत उभे राहून आपलेच संवाद पुन्हा म्हणत राहिले. २००१ साली 'लगान'मध्ये प्रत्यक्ष स्थळावरचा ध्वनी वापरला गेला, तेव्हा ती मोठी नवलाई ठरली. जी गोष्ट बोलपटाच्या आरंभी सर्वांना करावीच लागत होती, ती सत्तर वर्षांनी नवलाई व्हावी, याचा अर्थ मधल्या काळात एक विद्या मोडीत निघाली होती. व्यवस्थित शिक्षण हवे ते यासाठी.

आणि ते शिक्षण सार्वजनिक पैशातून चालणारे हवे, याचाही पुरावा समोर आहे. २००९ साली 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या ध्वनिमिश्रणासाठी ऑस्कर मिळविणाऱ्यांत रसूल पूकुट्टी होते. केरळातील ज्या खेड्यात त्यांचे बालपण गेले, तेथे तेव्हा वीज नव्हती. वडील खाजगी बसवर तिकीट तपासनीस होते. हा मुलगा पुण्याच्या संस्थेत शिकून १९९५ साली बाहेर पडला. लाखांच्या घरात शुल्क घेणाऱ्या आजच्या एखाद्या खाजगी संस्थेच्या दारात तो उभा राहिला असता, तर त्याचे काय झाले असते, हा विचार पदवीचे स्वागत करणाऱ्या प्रत्येकाने करावा.

कारण खरी भीती येथेच आहे. अभिमत दर्जाबरोबर पदवी येते, तशी शुल्कवाढीची मोकळीकही येऊ शकते. शुल्क दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढते, या तक्रारीसाठी पुण्याच्या विद्यार्थ्यांना डिसेंबर २०१९ मध्ये उपोषण करावे लागले होते. ध्वनीच्या अभ्यासक्रमाला बारावीस भौतिकशास्त्र असावे, ही अटही दीर्घकाळ चालत आली. ध्वनी ही भौतिक घटना आहे हे खरेच. माणसाला वीस ते वीस हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, चित्रपटाच्या मुद्रणात सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार नमुने घेतले जातात, आणि या आकड्यांचा परस्परसंबंध ज्याला कळत नाही त्याचे काम अडते. पण हे भौतिकशास्त्र पहिल्या सत्रात शिकविता येते. शिकविता येत नाही तो कान! तो विद्यार्थी आपल्या गावाहून, वस्तीहून, चाळीतून बरोबर घेऊन येतो. ज्या मुलीने कलाशाखेत शिकत असताना जात्यावरच्या ओव्या आणि गोंधळ्याचे संबळ ऐकले, तिला एका विषयाच्या अभावी परत पाठविणे यात शास्त्राचा काही लाभ नाही.

हा प्रश्न केवळ विद्यार्थ्याच्या न्यायाचा नाही, ऐकणाऱ्याच्या न्यायाचाही आहे. आपल्या मालिकांतील खेडी ऐकून पाहा. तोच एक कोंबडा, त्याच गाईच्या घंटा, तेच रातकिडे, मग गाव कोकणातले असो की मराठवाड्यातले. हे आवाज तयार संग्रहातून उचललेले असतात. उसाच्या गुऱ्हाळाचा, विडीच्या कारखान्यातल्या कुजबुजीचा, पाण्याच्या टँकरभोवती घागरी आदळण्याचा आवाज तेथे सापडत नाही, कारण तो ज्यांनी ऐकला ते लोक मिश्रणाच्या मेजापाशी बसलेले नाहीत. ज्या समाजाचे आवाज पडद्यावर येत नाहीत, तो समाज पडद्यावर दिसूनही मुकाच राहतो.

पदवीने आणखी एक भिंत उभी राहू नये, असे आम्हांस वाटते. ध्वनीच्या कामात वर आरेखनकार असतो आणि खाली बूम धरणारा, तारा ओढणारा, पावलांचे आवाज करणारा कामगार असतो. बारा-बारा तासांच्या पाळीत हात वर करून माइक धरणाऱ्याचे कौशल्य श्रेयनामावलीत एका क्षणात सरकून जाते. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने चित्रपटासाठी लिहिणाऱ्यांच्या व संगीतकारांच्या स्वामित्वधनाला संरक्षण दिले, ते योग्यच झाले. ध्वनिआरेखन करणारा मात्र त्या संरक्षणाच्या बाहेर राहिला. ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणून कायदा निर्मात्यालाच ओळखतो. उद्या पदवीधर आरेखनकार आपला हक्क मागू लागतील, त्या वेळी त्यांनी बूम धरणाऱ्यालाही आपल्या मागणीत धरले पाहिजे. ही जाणीव देणे हाही अभ्यासक्रमाचाच भाग असावा.

म्हणून आमच्या अपेक्षा मोजक्या आहेत. शुल्क गरीब कुटुंबाच्या आवाक्यात राहील अशी हमी शासनाने द्यावी. बारावीच्या विषयाची अट जेथे असेल तेथे ती काढून पहिल्या सत्रात पायाभूत शास्त्र शिकवावे. प्रवेशपरीक्षेत उमेदवाराचे इंग्रजी तपासले जाण्याऐवजी त्याचे ऐकणे तपासले जावे, आणि उत्तर आपल्या भाषेत देण्याची मुभा असावी. पदवी नसलेल्या पण स्टुडिओत वर्षानुवर्षे राबलेल्या ध्वनिकामगारांसाठी काही जागा राखून ठेवाव्यात. ते शिकतील आणि शिकवितीलही.

यंदा जो तरुण किंवा तरुणी या अभ्यासक्रमात पाऊल ठेवील, त्यांना आमच्या शुभेच्छा आहेत. त्यांच्या हाती उत्तम यंत्रे येतील, येऊ द्यावीत. पण ही सार्वजनिक संस्था ज्यांच्या करातून उभी राहिली, त्यांचे आवाज ऐकण्याचे ऋण त्यांच्यावर आहे. त्या आवाजांच्या मालकांची मुलेही त्यांच्या शेजारच्या बाकावर बसतील, तेव्हाच या पदवीला अर्थ येईल.