वेठीला नवे नाव

महासाथीच्या काळात मराठीने ज्या शब्दांची उधळण केली त्यांत 'कोविड योद्धा' हा अग्रणी होय. आमचा आक्षेप या शब्दालाच आहे. योद्ध्याला शस्त्र मिळते, शिधा मिळतो, वेतनही मिळते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर घरोघर फिरणाऱ्या आशांना यांतले काय मिळाले?

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने 2005 साली ही योजना आणली, तेव्हाच त्या 'स्वयंसेविका' ठरल्या. स्वयंसेवेला वेतन नसते. कामागणिक मोबदला असतो. 2020 मध्ये कोविडच्या जादा कामासाठी केंद्राने महिना 1,000 रुपये देऊ केले, म्हणजे दिवसाला सुमारे 33. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 238 रुपये होती.

आणि काम कोणते? ताप मोजणे, बाहेरगावाहून परतलेल्यांची नोंद ठेवणे, पुढे लसीसाठी मन वळवणे. शिवाय 'विलगीकरण', 'सामाजिक अंतर' हे सरकारी मराठी वारली घरांत उलगडून सांगणे. वर्गात आपण ज्याला भाषांतर म्हणतो, ते या बायांनी उंबऱ्याबाहेर उभे राहून केले. तेही संशयाने भारलेल्या दिवसांत: 16 एप्रिल 2020 रोजी डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे अफवेने पेटलेल्या जमावाने तिघांचा जीव घेतला होता.

कोणी म्हणेल, गौरवाने काय बिघडले? मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही आशांचा सन्मान केला. सन्मानाला आमचा विरोध नाही. हिशेबाच्या जागी सन्मान ठेवण्याला आहे. महिना 1,000 रुपयांची वाढ व 500 रुपये कोविड भत्ता पदरात पडण्यासाठी याच 'योद्ध्यां'ना जून 2021 मध्ये राज्यभर संप करावा लागला. पुढे मानधन वाढले. 'स्वयंसेविका' हे नाव राहिलेच.

याच मुलखात 1945 साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा दिला. त्याची कहाणी सांगणाऱ्या गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'ला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि 'वेठ' हा शब्द आपल्या लेखी इतिहासजमा झाला. जमीनदाराची वेठ मारहाणीच्या जोरावर चाले, आशांचे काम तसे नाही, हा भेद आम्ही जाणतो. परंतु श्रम घ्यावेत आणि त्यांच्या मोलाला मजुरी म्हणू नये, ही रीत दोन्हीकडे एकच. शब्दांवर उपजीविका करणाऱ्या आपण तरी त्यांना 'कामगार' म्हणावे, आणि 'मानधन' खोडून 'वेतन' लिहावे.